पहिली आर्केड स्टिक : कोकणातल्या खाऱ्या हवेसाठी कोणती घ्यावी

स्ट्रीट फायटर किंवा टेकेनसारखे मारामारीचे व्हिडिओ गेम मनापासून खेळणाऱ्याला कधी ना कधी आर्केड स्टिक, म्हणजे जुन्या गेमच्या यंत्रांसारखा दांडा आणि मोठी बटणे असलेला डबा, घ्यावीशी वाटते, आणि मग लिव्हर (म्हणजे तो दांडा) कोणत्या कंपनीचा, बटणे किती हलकी, वायर किती लांब अशा चौकशा सुरू होतात. त्या चौकशा योग्यच आहेत; पण श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत राहणाऱ्या खेळाडूने त्यांच्याही आधी एक गोष्ट विचारायला हवी. ही स्टिक मला घरच्या घरी उघडता येईल का, आणि उघडल्यावर आतला प्रत्येक भाग काढून त्या जागी तसाच दुसरा बसवता येईल का? मालवणात राहून, स्वतःची आणि मित्रमंडळींची यंत्रे हाताळून माझे मत असे झाले आहे की पहिल्या खरेदीत या एका गुणाला बाकी सगळ्या गुणांच्या वर ठेवावे. दिसायला देखणी, हाताला सुरेख, पण आतून बंदिस्त असलेली स्टिक इथे फार काळ साथ देत नाही.

मुळात स्टिक घ्यावी की नाही, याबद्दल थोडे आधी सांगतो. स्टिक घेतली म्हणून कोणी चांगला खेळाडू होत नाही. एव्हो या मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेत 2014 साली अल्ट्रा स्ट्रीट फायटर फोरचे विजेतेपद फ्रान्सच्या लुफीने पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या साध्या कंट्रोलरवर, मिळवले होते, आणि पॅडवर खेळणारे अव्वल खेळाडू आजही आहेत. मात्र ज्यांचा अंगठा डी-पॅडवर (पॅडच्या दिशांच्या बटणांवर) दुखून येतो, ज्यांना स्ट्रीट फायटरचे सहाही हल्ले बोटांखाली एका नजरेत मांडलेले हवे असतात, किंवा ज्यांचे शाळकरी दिवस बाजारपेठेतल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात रुपयाच्या नाण्यावर मुस्तफा आणि किंग ऑफ फायटर्स खेळण्यात गेले आणि ज्यांच्या हाताला दांड्याचीच सवय आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. पॅडवर सहापैकी दोन बटणे खांद्यावर जातात. स्टिकवर वरच्या ओळीत तीन ठोसे आणि खालच्या ओळीत तीन लाथा अशी सरळ मांडणी असते. तैतो कंपनीच्या व्ह्यूलिक्स या जपानी आर्केड यंत्रावरून रूढ झालेली आठ बटणांची रचना बहुतेक स्टिकमध्ये दिसते ती हीच. उरलेली दोन बटणे खेळागणिक वेगवेगळ्या कामाला लागतात.

आता लिव्हर. सगळ्यात जास्त वापरात असलेला लिव्हर म्हणजे जपानच्या सान्वा कंपनीचा जेएलएफ. त्याची रचना समजून घेतली तर पुढचे सगळे आपोआप उलगडते. दांड्याभोवती एक स्प्रिंग असते, ती दांड्याला मध्यावर परत आणते. खालच्या टोकाला ॲक्च्युएटर नावाचा प्लास्टिकचा छोटा दंडगोल असतो आणि त्याच्या चार बाजूंना चार मायक्रोस्विच एका पातळ सर्किट बोर्डावर बसवलेले असतात. दांडा एका दिशेला कलला की त्या दिशेचा स्विच लागतो, तिरका कलला की शेजारचे दोन एकदम लागतात. हाडोकेनसाठी, म्हणजे स्ट्रीट फायटरमधल्या ऊर्जेचा गोळा फेकण्याच्या चालीसाठी, खाली, तिरके, पुढे असा पाव वर्तुळाचा फेरा मारायचा असतो. म्हणजे प्रत्यक्षात आधी एक स्विच लागतो, मग दोन्ही लागतात, मग पहिला सुटून दुसरा उरतो. खेळ सेकंदाला 60 फ्रेम चालतो, तेव्हा एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. चारपैकी एक स्विच अडखळू लागला तर खेळाच्या दृष्टीने तिरकी दिशा आलेलीच नसते, आणि चाल निघत नाही.

जेएलएफची खरी ताकद मला त्याच्या मऊपणात किंवा कीर्तीत दिसत नाही. त्याची स्प्रिंग, ॲक्च्युएटर, गेट (दांड्याची हालचाल मर्यादित करणारी चौकट), दांड्यावरचा गोळा, स्विचचा बोर्ड असा प्रत्येक भाग सुटा मिळतो, आणि त्याच्या पाच पिनांच्या कनेक्टरला, म्हणजे चार दिशा आणि एक ग्राउंड, आज इतर अनेक कंपन्यांनी प्रमाण मानले आहे. सेइमित्सू या दुसऱ्या जपानी कंपनीचा एलएस-32 हाताला जरा घट्ट लागतो आणि काहींना तोच आवडतो. कोरियन पद्धतीच्या लिव्हरमध्ये स्प्रिंगच्या जागी रबर असते, त्यामुळे दांडा मध्यावर ताडकन परत येतो, आणि टेकेनमध्ये मिशिमा घराण्यातली पात्रे खेळणारे किंवा मागे सरकण्याचा सराव करणारे त्याच्यावर जीव टाकतात. टेकेनशिवाय दुसरे काही खेळायचेच नसेल तर कोरियन लिव्हर पहिला म्हणूनही चालेल, पण ते रबर कधीतरी बदलावे लागणार आणि ते मिळवणे आपल्याकडे कठीण आहे, एवढे लक्षात ठेवावे.

जेएलएफबरोबर चौकोनी गेट येते, आणि नवा खेळाडू पहिल्याच आठवड्यात तक्रार करतो की दांडा कोपऱ्यांत अडकतो. तो लगेच अष्टकोनी गेट मागवतो. माझा सल्ला असा की घाई करू नये. दांडा भिंतीला टेकण्याच्या आधीच स्विच लागलेला असतो. भिंत ही मर्यादा आहे, चाल मारताना तिच्यावर घासत जायचे नसते. सराव विभागात इनपुट दाखवणारी पट्टी सुरू करून, दांडा दोन बोटांत हलका धरून, भिंतीला न टेकवता पाव वर्तुळ मारून पाहावे. महिनाभरात मनगट लहान हालचालीला सरावते, आणि मग चौकोनी कोपऱ्यांचा फायदा कळतो: खाली-मागे धरून बसणाऱ्या गाइलसारख्या पात्राला तो कोपरा हक्काची जागा देतो. त्यानंतरही अष्टकोनीच हवे असे वाटले तर जरूर बसवावे. काम पाच मिनिटांचे आहे.

या सगळ्यावर आपल्या हवेचा परिणाम काय होतो, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि परदेशातल्या परीक्षणांत तो सापडत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. आगोटीपासून घटस्थापनेपर्यंत आपल्याकडची हवा बहुतेक वेळ या मर्यादेच्या वरच असते, म्हणजे धातूवर बसलेला मिठाचा थर चार महिने ओलाच राहतो. लोखंडाला गंज चढतो हे आपण दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्यांवर पाहतोच. मायक्रोस्विचच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. घरातल्या दिव्याचा स्विच दाबताना आत जी बारीक ठिणगी पडते, ती संपर्काच्या जागी साचलेला पातळ थर जाळून टाकते. स्टिकमधून जेमतेम तीन ते पाच व्होल्टवर नगण्य प्रवाह जातो. त्याला तो थर भेदता येत नाही. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा थरही इथे पुरेसा ठरतो.

एका मित्राची जुनी स्टिक मी उघडली होती. बाहेरून ती नव्यासारखी होती, वरच्या पॅनेलवर एक ओरखडा नव्हता. तळाचे स्क्रू काढल्यावर आतल्या बटणांच्या, वायरी जोडायच्या पात्यांवर हिरवा कळंक धरलेला दिसला. दांड्याच्या टोकाची, भाग जागेवर धरून ठेवणारी ई-क्लिप तांबडी झाली होती, आणि एका बटणाचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची पात्यावर चढणारी धातूची पकड, ओढताच त्याच्यावरची भुकटी बोटांना लागून आली. पात्र डावीकडे उभे असताना त्याचा शोर्युकेन (उसळून मारायचा ठोसा) निघत असे, उजवीकडे गेले की चारात एकदा निघे, आणि मित्र बरेच महिने आपल्याच मनगटाला दोष देत सराव वाढवत राहिला होता. बंदरावर ट्रॉलरवरची फिशफाइंडर आणि वायरलेस यंत्रे दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे आम्ही ती नेली. त्यांनी आर्केड स्टिक आयुष्यात प्रथमच पाहिली, पण दोष एका नजरेत ओळखला. लग काढून पाती कॉन्टॅक्ट क्लीनरने धुतली, ढिले झालेले लग पकडीने किंचित आवळून परत बसवले आणि लिव्हरचा स्विच बोर्ड बदलायला सांगितला. तो बोर्ड सुटा मिळत होता म्हणून स्टिक वाचली. तिचा लिव्हर थेट सोल्डर केलेला असता किंवा बटणांची मापे विचित्र असती, तर ती भंगारात जमा करावी लागली असती.

म्हणून घेताना तीन मापे पाहावीत. बटणांची भोके 30 मिलिमीटरची असावीत, कारण सान्वाची ओबीएसएफ-30 आणि सेइमित्सूची बटणे त्यातच बसतात. स्टार्टसारखी छोटी बटणे सहसा 24 मिलिमीटरची असतात. लिव्हर पाच पिनांच्या कनेक्टरवर असावा. आणि बटणांच्या वायरी 2.8 मिलिमीटरच्या लगांनी जोडलेल्या असाव्यात, सोल्डर केलेल्या नकोत. ओबीएसएफ-30 च्या आतला स्विच वेगळा बदलता येत नाही, पूर्ण बटणच बदलावे लागते, पण ते दोन खुंट्या दाबून काढायचे आणि नवे वरून दाबून बसवायचे एवढेच काम आहे. हे बटण इतके हलके आहे की बोटे नुसती टेकवून ठेवण्याची सवय असलेल्याच्या हातून सुरुवातीला नको ते ठोसे पडतात. ती सवय काही दिवसांत सुटते.

बाजारात मिळणाऱ्या स्टिककडे या कसोटीने पाहिले तर कमी खर्चात मेफ्लॅशची एफ 300 सर्वांत समजूतदार वाटते. तिचा मूळ लिव्हर आणि बटणे साधारण आहेत, लिव्हर जरा सैल लागतो आणि बटणे खणखणीत वाजतात. पण डबा घट्ट आहे आणि सान्वाचे भाग तिच्यात बसतात. म्हणजे आज कमी पैशांत सुरुवात करावी, हात बसला की आधी लिव्हर, मग जमेल तशी बटणे बदलावीत. तिच्याच एलिट आवृत्तीत सान्वाचे भाग कंपनीतूनच बसवून येतात. लॅपटॉपवर ती जोडली की चालते. पीएस 4 किंवा एक्सबॉक्स वनवर मात्र तिच्या मागच्या यूएसबी जागेत त्या कन्सोलचा मूळ पॅड जोडून ठेवावा लागतो, आणि हे ठाऊक नसताना घेतले तर पहिल्याच संध्याकाळी विरस होतो.

पीएस 5 वर खेळणाऱ्यासाठी होरीची फायटिंग स्टिक अल्फा माझ्या मते पहिली पसंती असावी. तिच्यात होरीचाच हायाबुसा लिव्हर असतो, जो जेएलएफच्या जवळचा आणि तरी किंचित घट्ट आहे. पण आपल्यासाठी तिचा मोठा गुण म्हणजे तिचे वरचे झाकण स्क्रू न काढता उचलता येते. भर पावसाळ्यात महिन्यातून एकदा झाकण उचलून आत कोरडा ब्रश फिरवणे आणि लग तपासणे इतके सोपे असले की माणूस ते खरोखर करतो. दहा स्क्रू काढायचे असले की आळस येतो. किंमत एफ 300 पेक्षा बरीच जास्त आहे, आणि तरीही पीएस 5 च्या खेळाडूला मी तीच सुचवीन.

कानबाची ऑब्सिडियन ही सान्वाच्या भागांनी सजलेली, जड आणि भारदस्त स्टिक आहे. ज्याला आपण हा छंद सोडणार नाही याची खात्री आहे त्याने ती घ्यावी. पहिलीच म्हणून घेण्याइतकी निकड मला दिसत नाही. एटबिटडोची स्टिक निन्टेंडो स्विच हा कन्सोल आणि विंडोज संगणक यांसाठी छान आहे, भागही बदलता येतात. वायरलेस चालते हे तिचे आकर्षण असले, तरी स्पर्धेच्या इराद्याने खेळताना मी वायरच लावीन. उशीर लागण्याचा प्रश्न खरे तर बहुतेक घरांत टीव्हीमुळे येतो: गेम मोड बंद असलेला टीव्ही कोणत्याही चांगल्या स्टिकपेक्षा जास्त वेळ खातो. आधी तो मोड सुरू करावा.

कन्सोलच्या परवान्याची बाब थोडक्यात. पीएस 5 साठी परवाना नसलेली स्टिक त्या यंत्रावर सरसकट चालत नाही. स्ट्रीट फायटर 6 आणि टेकेन 8 यांच्या पीएस 5 आवृत्त्या पीएस 4 च्या स्टिक स्वीकारतात, पण सगळे खेळ तसे नाहीत. संगणकावर ही कटकट जवळजवळ नसते.

लिव्हर नसलेल्या, दिशांसाठीही बटणेच असलेल्या हिटबॉक्स पद्धतीच्या नियंत्रकांचा आज बोलबाला आहे. त्यांच्यात दांडा, स्प्रिंग, ई-क्लिप काहीच नसल्याने गंजायला भाग कमी, ही आपल्या दृष्टीने जमेची बाजू. संगणकाच्या कीबोर्डवर वाढलेल्या मुलाला ते लवकर जमते. मात्र त्याला लिव्हरची स्वस्त आवृत्ती समजू नये. ते वेगळेच वाद्य आहे. डावे आणि उजवे एकदम दाबले तर यंत्राने काय समजावे याचे स्पर्धांचे नियम असतात, तेही पाहून घ्यावेत. ज्याला दांडा फिरवण्याचाच आनंद हवा आहे त्याने चलती पाहून मन बदलू नये.

स्वतः स्टिक तयार करण्याचा मार्गही आपल्याकडे दिसतो तितका दुर्गम नाही. रास्पबेरी पाय पिको या छोट्या बोर्डावर जीपी 2040-सीई हे मुक्त सॉफ्टवेअर घातले की संगणकासाठीचा उत्तम मेंदू तयार होतो. डबा गावातला सुतार करून देतो. फणसाचे लाकूड त्यासाठी सुरेख, आणि लाकडी खेळण्यांची परंपरा असलेल्या सावंतवाडीच्या आसपास हे काम नजाकतीने करणारे हात आहेत. एक गोष्ट मात्र सुताराला आधी समजावून द्यावी: खुंट्यांनी बसणारी बटणे पातळ पॅनेलसाठी असतात, जाड फळीत ती धरत नाहीत. तेव्हा एकतर वर पातळ पत्रा किंवा ॲक्रिलिक बसवून फळीला आतून मोठे भोक पाडावे, नाहीतर आट्यांची, नटाने आवळायची ओबीएसएन-30 बटणे घ्यावीत. डब्याला आतूनही पॉलिशचे दोन हात मारावेत, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून झाकण बसत नाही.

बसण्याचा विचारही खरेदीआधी करावा. आपल्याकडे बहुतेक जण माजघरात किंवा पडवीत जमिनीवर मांडी घालून खेळतात. तेव्हा रुंद, सपाट तळाची स्टिक दोन्ही मांड्यांवर स्थिर बसते. अरुंद आणि हलकी स्टिक अर्धवर्तुळ मारताना दांड्याबरोबर सरकते. तळाला चार उंच रबरी पाय असतील तर ते अर्ध्या तासात मांडीला रुततात, त्यापेक्षा सलग रबरी किंवा फोमचा थर बरा. रात्री घर झोपलेले असताना खेळायचे असेल तर मायक्रोस्विचची टकटक चांगलीच ऐकू जाते. सान्वाची आवाज न करणारी ओबीएसएफएस-30 बटणे त्यावर उत्तम उपाय आहेत.

मागवण्याबाबत सांगायचे तर या वस्तू आपल्या बाजारपेठेत मिळत नाहीत. परदेशातून मागवल्यास किमतीवर आयात शुल्क आणि कर चढतो, तेव्हा एकूण रक्कम आधीच विचारून घ्यावी. जुलैत मागवणे टाळावे. घाटातून येणारे पार्सल ओले होण्याची भीती असते. मुंबईच्या पत्त्यावर मागवून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर आणणे सर्वांत खात्रीचे. त्यालाच लॅमिंग्टन रोडवरून 2.8 मिलिमीटरचे लग, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणायला सांगाव्यात. वापरलेली स्टिक घेत असाल तर ती विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत जोडून आठही दिशा सावकाश फिरवून पाहाव्यात, आणि तिरक्या दिशांवर दांडा धरून दिवा स्थिर राहतो का ते बघावे.

पावसाळ्यात स्टिक उघड्यावर ठेवू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून घ्याव्यात. दांड्याच्या गोल सांध्याला वर्षातून एकदा सिलिकॉन ग्रीस पुरते. घरातले शिलाई मशिनचे तेल लावू नये, त्याला धूळ धरते आणि ते ओघळून स्विचमध्ये उतरते. ई-क्लिप, स्विच बोर्ड आणि दोन जादा बटणे पहिल्याच मागणीत घेऊन ठेवावीत, कारण हे भाग लागतात ते नेमके ऑगस्टमध्ये, जेव्हा बाहेर पडवत नाही आणि खेळायला सर्वांत जास्त वेळ असतो.